टम्म पोटाची बातमी

आमच्या छापखान्याच्या कॅन्टीनला दोन दारं होती. आत यायचं दार सताड उघडं असे. बाहेर जायच्या दारात ती उभी असे. अंगावर ॲप्रन, हातात डाव, आणि नजर जाणाऱ्याच्या तोंडाकडे नव्हे, पोटाकडे. शर्टाचं खालचं बटण जरा ताणलेलं दिसलं की तिची मान हलायची, म्हणजे सुटका. शर्ट सैल लोंबताना दिसला की डाव आडवा यायचा.

"कुठे निघालास? बस. अजून एक घे."

अजून एक काय, हे विचारायची सोय नव्हती. पाव असेल तर पाव, बटाटा असेल तर बटाटा, आणि काहीच उरलं नसेल तर पातेल्याच्या तळाचा भात खरवडून. त्यावरून तिचं नाव 'अजूनेक' पडलं. तोंडावर आम्ही तिला मावशी म्हणायचो. माणूस डावाच्या टप्प्यात असताना दुसरं काही म्हणणं शहाणपणाचं नव्हतं.

अजूनेकच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार. जेवलेले आणि न जेवलेले. ताप आला, बायको माहेरी गेली, बढती हुकली, दात दुखतोय, सगळ्यांवर उपाय एकच, आणि तो तिच्या पातेल्यात. फोरमनचे वडील वारले तेव्हा आम्ही सगळे खाली माना घालून त्याच्याकडे बसलो होतो. हिने येऊन त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "रडायलासुद्धा ताकद लागते." फोरमन हुंदके देत देत तीन पाव जेवला. तिचा नवराही तरुणपणीच गेला होता. गेला तो रस्त्यावरच्या अपघातात, पण कॅन्टीनमध्ये कोणीही अपघातावर विश्वास ठेवत नसे. बिचारा अपचनाने गेला, असंच सगळे म्हणत.

तिच्या पर्समध्ये एक फोटो होता. तो तिचा दाखला. तिच्या लेकाचा, वर्षाचा असतानाचा. मांड्यांना वळ्यावर वळ्या, मनगटाला दोरा करकचून बांधल्यासारखी घडी, डोळे गालांत बुडून दिसेनासे झालेले. "हे बघा," ती म्हणायची, "ह्याला म्हणतात मूल." एखाद्या गवंड्याने आपण बांधलेली इमारत दाखवावी तशी दाखवायची. ती इमारत मोठी झाली आणि लिफ्ट दुरुस्त करू लागली. लिफ्टच्या खोबणीत शिरताना त्याला पोट आत ओढून घ्यावं लागे, आणि हे त्याने आईला कधी सांगितलं नव्हतं.

सून आमच्यातलीच, बाइंडिंगमधली. फर्मे, म्हणजे पुस्तकाचे घडी घातलेले छापील कागद, शिवायला बसायची. बारीक अंगाची, बारीक आवाजाची, आणि जेवण म्हणजे दोन घास. त्यातलाही एकेक घास इतका चावायची की घासालाच कंटाळा यावा. अजूनेकने तिला पहिल्यांदा बाहेरच्या दारात अडवलं, त्यानंतर रोज अडवलं, आणि रोज ती पोरगी न भांडता, न रुसता, अर्धा पाव ताटात तसाच ठेवून निघून गेली. लेकाला ती आवडली हे खरंच. पण आमचा खळवाला, जो पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना खळ लावायचा आणि गावभरच्या गोष्टी एकमेकांना चिकटवायचा, तो म्हणायचा की लग्न लेकाने केलं असलं तरी पैज सासूने लावली होती. "हिला घरात घेते आणि वर्षभरात भरून काढते."

वर्षभरात सून भरली नाही, पण तिला दिवस राहिले. मग काय विचारता! "आता दोघांचं खायचं," हे वाक्य सुनेने उठता-बसता ऐकलं. ती खायची, ओकायची, पुन्हा समोर ताट. सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं. रक्तदाब इतका चढला की डॉक्टरांनी लेकाला बाजूला घेऊन सांगितलं, बाळ आत राहिलं तर आई आणि बाळ दोघांनाही धोका आहे. त्याच दिवशी ऑपरेशन केलं. मुलगी झाली.

अजूनेक म्हणाली, "कमी खाल्ल्यामुळे झालं." खळवाला म्हणाला, "जास्त खाल्ल्यामुळे झालं." डॉक्टर म्हणाले, दोन्हींमुळे नाही. त्यांच्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताटं मांडून आम्ही बातमीची वाट बघत होतो. ती आली, ॲप्रन बांधला, डाव उचलला, आणि त्या डावाकडेच बघत राहिली.

"कशी आहे नात, मावशी?"

"डावभर कसली, पळीभर आहे," ती म्हणाली. "पळीभर."

तेव्हापासून आम्ही त्या मुलीला पळीभर म्हणू लागलो.

पळीभरला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. ती खोली नुसत्या पेट्यांची, यंत्रांच्या टिकटिकीची, आणि तिथली मोठी सिस्टर अशी की तिच्यापुढे यंत्रंसुद्धा हळू वाजत असावीत. पहिल्याच दिवशी अजूनेकने पर्समधला तो वळ्यांचा फोटो काढला आणि पेटीच्या काचेला चिकटवला.

"हे काय आजी?"

"तिला बघू दे. कुठवर पोचायचंय ते कळायला नको?"

मोठ्या सिस्टरने फोटो नखाने सोलून काढला आणि तिच्या हातात दिला.

पण खरा तंटा सुरू झाला तो दुधावरून. पळीभरच्या हाताच्या शिरेत सुई होती, बहुतेक अन्न तिथूनच जात होतं. आणि तोंडातून पोटापर्यंत एक नळी घातलेली, तीत सिरिंजने आईचं दूध सोडायचे. किती? चमचाभरही नाही. सिरिंजच्या टोकाला लोंबेल आणि पडेल, एवढंच. अजूनेकने ते बघितलं आणि तिला वाटलं, सिस्टर नळी धुतेय. दूध पाजायचं अजून बाकी आहे. ती बराच वेळ थांबली. मग तिच्या लक्षात आलं की जेवण झालं.

बाळांचे डॉक्टर अंगाने काटकुळे. त्यांना बघूनच तिचं मत झालं होतं. ज्याला स्वतःच्या ताटावर बसायला फुरसत नाही तो दुसऱ्याच्या पोटाचं काय बघणार! तरी ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, तुम्ही माझी नात उपाशी मारताय."

डॉक्टर चिडले नाहीत. अशा आज्या त्यांनी पोत्याने बघितल्या असणार. "आजी, आतडं म्हणजे नुसती पिशवी नाही हो, ओतलं की झालं असं. आईच्या पोटात शेवटच्या तीन महिन्यांत ते लांबीला जवळजवळ दुप्पट होतं. आतलं अस्तर घट्ट होतं, म्हणजे आतलं बाहेर पाझरत नाही. दूध पुढे ढकलायला आतड्याला एकामागून एक लाटा याव्या लागतात, त्याही तेव्हाच जमायला लागतात. हिला ते तीन महिने मिळालेच नाहीत. हिचं आतडं अजून कच्चं आहे. पातळ आहे, आळशी आहे, जंतूंशी झगडायची त्याला सवय नाही. एकदम दूध ओतलं तर ते तसंच पडून राहील, आतडं सुजेल, कधी कधी फाटतंसुद्धा."

अजूनेकने डोळे बारीक केले. "म्हणजे चूल अजून पेटलेली नाही."

"अगदी बरोबर!" डॉक्टर खूश झाले. इतक्या वर्षांत कोणत्याच आजीला इतक्या लवकर कळलं नव्हतं.

"मग पेटवायला सरपण घाला की!"

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी चूल न काढता. थोडं थोडं आईचं दूध, तेच आतड्याचं औषध, त्यानेच आतडं पिकतं. बाकी सगळं थांबायचं काम. थांबणं हे काम असतं, हे अजूनेकने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने मान हलवली, आणि बाहेर येऊन लेकाला म्हणाली, "माणूस चांगला आहे, पण हात आखडता आहे."

दूध हळूहळू वाढत गेलं. सिरिंजवरची एक रेघ वाढली की दुपारी कॅन्टीनमध्ये घोषणा व्हायची. आम्ही टेबलावर मुठी आपटायचो. सिरिंज आमच्यापैकी कोणी बघितलेली नव्हती, पण रेघ वाढली म्हटल्यावर आपटायला काय जातंय! बाइंडिंगमधल्या माणसाला दुसऱ्याच्या आनंदात मूठ आपटायला नेहमीच आवडतं, तेवढंच यंत्र बंद राहतं.

मग ती दुपार आली. त्या दुपारचं सगळं आम्हाला पुढे सुनेनेच सांगितलं, शिलाईच्या टेबलावर, सुईत दोरा ओवता ओवता. तिने सासूची बाजूही सोडली नाही आणि स्वतःचीही.

भेटीच्या वेळी अजूनेक कॅन्टीन उरकून आली. हात धुतले, वरचा झगा चढवला, पेटीपाशी गेली आणि थबकली. पळीभरचं पोट वर आलेलं होतं. गोल. ताणलेलं. टम्म.

सगळा जन्म जिने माणसांची पोटं बघत दारात काढला, तिने नातीचं पोट बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"लागलं! लागलं गं बाई दूध अंगाला!"

सून पेटीच्या दुसऱ्या बाजूला बसलेली. "आई, मला ते सकाळपेक्षा फुगल्यासारखं वाटतंय. आणि कसं चकाकतंय बघा."

"चकाकणारच. तेज आहे ते."

"आज हालचाल पण नाही. निपचित पडून आहे."

"पोट भरलं की झोप येते. आमचा फोरमन बघत नाहीस का, जेवणानंतर?"

"सिस्टरना सांगू का?"

यावर अजूनेक खाली वाकली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "खुळी का तू? सांगितलंस की पहिलं काय करतील हे लोक? दूध बंद करतील. टीचभर वाढवायला त्यांच्या जिवावर येतं. कसंबसं पोट धरलंय पोरीने, आणि तू चुगली करतेस?" एवढं बोलून तिने पळीभरवरचं पांघरूण अलगद वर ओढलं, पोट झाकलं जाईल असं.

सून गप्प बसली. सासूपुढे गप्प बसायची सवय ती सासरी येताना घेऊनच आली होती.

तेवढ्यात एक नवी सिस्टर आली, हातात मोजपट्टी. तिथे प्रत्येक पाळीला बाळांच्या पोटाचा घेर मोजायचे. फुगतंय का ते कळावं म्हणून.

"आजी, जरा बाजूला व्हा. माप घ्यायचंय."

"आत्ता? नुकतं दूध पाजलंय तुम्हीच. जेवल्या जेवल्या कोणी माप घेतं का? शिंपीसुद्धा घेत नाही. जिरू दे की जरा."

"पण नियम आहे ना आजी…"

अजूनेकने तिच्याकडे नीट बघितलं. तोंडाकडे नव्हे. नेहमीप्रमाणे खाली. गणवेशाचा पट्टा सैल लोंबत होता.

"तू जेवलीस का गं?"

एवढाच प्रश्न. पण नवी सिस्टर सकाळपासून उभी होती, आधीच्या पाळीची एक सिस्टर आली नव्हती म्हणून दोघींचं काम एकटीने ओढत होती, आणि त्या इमारतीत शिरल्यापासून हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिचे डोळे भरले. अजूनेकने बाहेर ठेवलेल्या पिशवीकडे बोट दाखवलं. "पाव आहेत, बटाटा भरलेले. आधी खाऊन ये, मग मोज काय मोजायचं ते. बाळ काय पळून जातंय?" तिकडे दुसऱ्या पेटीचं यंत्र वाजायला लागलं. नवी सिस्टर मोजपट्टी खिशात कोंबून तिकडे धावली.

डाव आडवा घालून माणसं अडवायची तिची एवढ्या वर्षांची कला, आणि ती अशी कामाला आली.

मग ती खाली दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन फोनवर ओरडली. लेक लिफ्टच्या खोबणीत लटकलेला होता. "टम्म! टम्म झालंय पोट!" लेकाने तिथूनच कॅन्टीनला फोन केला. खळवाल्याने फोन कानाला लावून हात वर केला आणि आम्ही सगळ्यांनी टेबलावर मुठी आपटल्या. ग्लास सांडला एकाचा. फोरमन म्हणाला, आता काही काळजी नाही. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की थेंबा-थेंबाने दूध पिणाऱ्या बाळाचं पोट एका दिवसात टम्म होईल कशाने?

सुनेच्या डोक्यात आलं. ती पेटीपाशी बसून पांघरुणाकडे बघत होती. मग तिने हात आत घातला आणि ते खाली सारलं. पोटावर निळ्या शिरा उमटल्या होत्या. नळीतून हिरवट काहीतरी वर सरकत होतं.

आमच्या शिलाई-मशिनांच्या खडखडाटात तिची हाक कधी दोन टेबलांपलीकडे ऐकू गेली नव्हती. त्या दिवशी ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली.

मोठी सिस्टर आली. एकदा बघितलं आणि डॉक्टरांना बोलवा म्हणाली. पेटीभोवती माणसं जमली. पेटीजवळच एक्स-रे काढला. दूध त्याच क्षणी बंद झालं. पोटात साचलेलं नळीतून उलटं बाहेर काढायला लागले. सुईतून औषधं सुरू झाली. फाटकाकडून अजूनेक हसत हसत परत आली तेव्हा काचेच्या दाराआड तिला नुसत्या पाठी दिसल्या.

डॉक्टर बाहेर आले. "आतड्याला सूज आलीय. काही ठिकाणी आतड्याच्या भिंतीत हवा शिरलेली दिसतेय. आतडं फाटलेलं नाही. आता त्याला पूर्ण विश्रांती द्यायची, दूध अजिबात नाही. फाटलं तर ऑपरेशन. पुढचे काही दिवस नाजूक आहेत. पोट फुगलेलं कधी लक्षात आलं?"

अजूनेकने तोंड उघडलं. सून आधी बोलली.

"मला दिसलं होतं. मी सांगितलं नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. सासूकडे पाहिलं. नवी सिस्टर भिंतीशी उभी होती, खिशातून मोजपट्टीचं टोक लोंबत होतं, तिच्याकडेही पाहिलं. "तेवढ्या वेळाने किती फरक पडला, हे मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "पुन्हा असं दिसलं तर मला ते उगाच सांगितलेलं चालेल." आणि आत गेले.

सून सासूकडे वळली. "आई, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"अगं पण तू जेव…" अजूनेकच्या तोंडून सवयीने निघालं. वाक्य अर्ध्यात अडकलं आणि तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या कॅन्टीनचं बाहेरचं दार मोकळं झालं. ती वाढायची, पण पातेल्याकडे बघत. दारात कोणी नाही, डाव आडवा नाही. कोणाचं पोट किती रिकामं, कोणाला पर्वा नाही. ज्या स्वातंत्र्यासाठी आम्ही इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत होतो ते मिळालं, आणि चार वाजायच्या आत सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. बाइंडिंगमधले मर्द बिस्किटांचे पुडे लपवून खाऊ लागले. मुठी आपटल्याची आठवण मात्र कोणी काढत नव्हतं. खळवाल्याने तर सांगून टाकलं, आपल्याला तेव्हाच शंका आली होती. तेव्हा सगळ्यात जोरात कोण आपटत होतं, ते आम्ही त्याला विचारलं नाही. आमच्याही मुठी दुखत होत्या.

इकडे दुसरंच संकट. बाळाचं दूध बंद असलं तरी आईने पंपाने दूध काढत राहायचं होतं. ते बाटल्यांत भरून गोठवून ठेवत होते. आतडं सुधारलं की त्याला दुसरं काही चालणार नाही, आईचंच दूध लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि सुनेचं दूध आटत चाललेलं. ती दवाखान्याच्या टपरीवर मिळणारा एक पाव दिवसभर कुरतडायची. झोप नाही, अन्न नाही, पंपाच्या बाटलीत तळ जेमतेम भिजतोय.

अजूनेकने लेकाबरोबर डबा पाठवला. चार पुडांचा, झाकण दाबून बसवावं लागलं असा. संध्याकाळी डबा परत आला. तिने हातात घेतला आणि तिला वजनावरून कळलं. झाकण उघडलेलंच नव्हतं.

तिच्या हयातीत भरलेला डबा परत आला नव्हता. माणसं परत आली होती, नातेवाईक भांडून परत गेले होते, पण डबा नाही.

"नको म्हणाली," लेक म्हणाला. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टसारखं त्याचं तोंड झालं होतं, वर बायको, खाली आई.

"नको म्हणजे किती नको?"

"आई, नको म्हणजे नको!"

दुसऱ्या दिवशी तिने तीन पुडांचा पाठवला. परत. मग दोन पुडांचा, साजूक तुपात न्हालेला. परत, आणि तुपाचा थर गोठून पांढरा. तुपाच्या थरावर एक बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी ती रिकामा डबा पुढ्यात घेऊन कॅन्टीनच्या ओट्याशी बसली. लेक उभा होता, आम्ही ताटात बोटं फिरवत कान तिकडे लावलेले.

"तिला विचार," ती म्हणाली. थांबली. तिला ते बोलणं इतकं जड जात होतं की आम्हाला वाटलं घशात काही अडकलं. "विचार, काय खावंसं वाटतंय. आणि… किती."

लेकाने वर बघितलं. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, निदान त्याच्या आईने तरी नाही. तो धावतच गेला. उत्तर घेऊन आला: दोन पाव, मऊ भात वाटीभर, मीठ बेताचं. आणि डब्याबरोबर निरोप नको.

आम्ही सगळे बघत होतो. तिने वाटीभर भात भरला, दाबला नाही. दोन पाव ठेवले. मग तिचा हात आपोआप तिसऱ्या पावाकडे गेला. पाव डब्यात गेला. बाहेर आला. पुन्हा आत गेला. शेवटी तिने तो बाहेर काढला, त्याचं काय करावं हे तिला कळेना, आणि मग उभ्या उभ्या तो स्वतःच खाल्ला. तेव्हा आमच्या लक्षात आलं की तिला जेवताना आपण कधीच पाहिलेलं नाही.

डबा रिकामा आला. तिने झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा लावलं. कोणाला दाखवला नाही. रोज तेवढाच डबा जायला लागला, कधी सुनेने मागितला तर थोडा मोठा. बाटलीचा तळ भिजायचा तो हळूहळू झाकला जाऊ लागला.

काही दिवसांनी लेक कॅन्टीनच्या दारात उभा राहून ओरडला, "पोट खपाटीला गेलं! एकदम सपाट!" आणि आम्ही सगळे उठून टेबलावर मुठी आपटू लागलो. त्या दिवशी नवा लागलेला एक कामगार ताटावर बसला होता. पोट खपाटीला गेल्याचा जल्लोष करणारी ही कसली माणसं, असा त्याचा चेहरा झाला. दुसऱ्या दिवशी तो घरून डबा घेऊन आला.

सूज उतरली होती. ऑपरेशन टळलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा थेंबापासून सुरू करू. आतड्याने दूध पुढे ढकललं आणि नीट शी झाली, तर समजायचं की ते कामाला लागलं. सूज पुन्हा आली, शीमध्ये रक्त दिसलं, तर पुन्हा सगळं बंद, आणि मग पुढचं सांगता येत नाही. आता सगळं त्या एका शीवर येऊन ठेपलं होतं. आमच्या छापखान्यात एवढी ग्रंथसंपदा शिवली जात होती, पण त्या आठवड्यात कोणत्याही गोष्टीची एवढी वाट पाहिली गेली नाही.

सुनेने निरोप धाडला. "आईंना म्हणावं, या. पण तोंड बंद."

ती गेली. हात धुतले, झगा चढवला, तोंडाला बांधायचं फडकं मोठ्या सिस्टरने दिलं, ते तिने दोनदा गाठ मारून बांधलं. पेटीपासून हातभर लांब उभी राहिली. नवी सिस्टरच होती. तिने आधी मोजपट्टी काढली, पोट मोजलं, अजूनेककडे न बघता. मग सिरिंज नळीला लावली. दूध उतरलं. संपलं.

आणि पळीभर रडायला लागली.

आजवर ती कुईकुई करायची. हे तसलं नव्हतं. तोंड वासून, मुठी हलवून, डोकं इकडे तिकडे वळवून काहीतरी शोधणारं हे रडणं कोणाचं असतं, हे अजूनेकला शिकवावं लागणार नव्हतं. भुकेचं रडणं. ते तिच्या कानावर पडलं आणि तिचे दोन्ही हात पुढे आले. मग ते तिनेच मागे घेतले आणि पाठीमागे एकमेकांत अडकवले. एका हाताने दुसरा धरून ठेवावा लागला, इतके ते ऐकत नव्हते.

सून तिच्याकडे बघत होती. "काय म्हणायचंय, आई?"

अजूनेकने फडक्याची गाठ चाचपली. मान नुसती आडवी हलली.

पळीभर रडत राहिली. सुनेने पेटीत हात घालून आपल्या बोटाचं टोक तिच्या ओठांशी नेलं. ती ते चोखू लागली, काही मिळत नसतानाही. हळूहळू तिची मूठ सैल पडली. अजूनेक उभीच. भुकेलं माणूस समोर रडतंय आणि आपण हात बांधून उभं, हे असं काम तिने पहिल्यांदा केलं, आणि ते बघून सुनेने बाजूची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बसा."

ती बसली. त्या खुर्चीवर ती पुढे रोज बसू लागली. चौथ्या की पाचव्या दिवशी नवी सिस्टर लंगोट बदलायला आली, उघडला, आणि थांबली. "बघा," म्हणाली. दोघी वाकल्या. सुनेने रक्ताचा ठिपका शोधला, नखाएवढाही नव्हता. तिने डोळे मिटून घेतले. अजूनेक मात्र बघतच राहिली. फडकं खाली ओढून तिने सुनेला विचारलं, "बोलू का आता?"

"बोला."

पण तिथे ती काही बोलली नाही. ती सगळं बोलायला कॅन्टीनमध्ये आली.

आम्ही नुकते ताटांवर बसलो होतो. रस्सा वाढलेला, पाव मोडलेले, पहिले घास तोंडात. ती दारातूनच म्हणाली, "झाली!" आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. रंग कसा, तर ह्या रश्शापेक्षा जरा फिका. नाही, थांबा, त्या बटाट्यासारखा, आणि तिने फोरमनच्या ताटातला बटाटा उचलून उजेडात धरला. घट्टपणा किती, तर ही खळ असते ना याची, ती पातळ केली तर. किती आली, कशी आली, वास कसा म्हणाल तर आंबूस, पण वाईट नाही हो, चांगला आंबूस. फोरमनने चमचा खाली ठेवला. खळवाला भिंतीकडे तोंड करून बसला. आम्ही एकेक करून ताटं पुढे सारली आणि उठलो.

बाहेर जायच्या दारात ती उभी होती. तिच्या पुढून आम्ही एकामागून एक गेलो, सगळ्यांचे शर्ट सैल लोंबत होते, टेबलांवर ताटं भरलेली पडली होती, आणि ती प्रत्येकाचा दंड धरून सांगत होती, "मऊ होती रे, अगदी मऊ!" तिने एकाच्याही पोटाकडे पाहिलं नाही.